नाशिकच्या रस्त्यांवरील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत

झूम करून टिपलेला एकटा सीसीटीव्ही कॅमेरा दुकानदाराच्या माहितीपत्रकातल्या चित्रासारखा निर्जीव दिसतो. म्हणून कॅमेरा आणि तो ज्याच्याकडे पाहत आहे ते दृश्य, अशी दोन्ही एकाच चौकटीत आणायची, हे आधी ठरवावे.

पहिल्या दिवशी छायाचित्र घेऊच नये. सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकावरून शालिमार, मेन रोड, धुमाळ पॉइंट अशी रविवार कारंजापर्यंत नुसती फेरी मारावी आणि मान वर ठेवून चालावे. सिग्नलचे खांब, सराफी पेढ्यांची दारे, सोसायट्यांची फाटके आणि शटरवर टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या शेजारचे कॅमेरे आपोआप दिसू लागतात. लांबुळक्या बुलेट कॅमेऱ्याचा रोख स्पष्ट कळतो. घुमटाकार डोम कॅमेऱ्याच्या काळसर आवरणामुळे हा रोख लपतो, आणि आडवा-उभा फिरून झूम करणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्यापाशी तो आपल्या दिशेने वळेपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

खांबाच्या बुडाशी उभे राहून वर पाहिल्यास आभाळ आणि एक काळी आकृती एवढेच हाती लागते. त्याऐवजी रस्त्यापलीकडे जाऊन ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स, किंवा मोबाइलचा तीनपट झूम वापरला, तर अंतर आकसून खांबावरचा कॅमेरा आणि खालची रिक्षा, भाजीची हातगाडी, घाईतली माणसे एकमेकांच्या जवळ येतात. पावसाळ्यातल्या पांढुरक्या आभाळासमोर एक्स्पोजर एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवावे, नाहीतर कॅमेरा काळवंडतो. डोमच्या आवरणावर अख्ख्या रस्त्याचे वाकडे प्रतिबिंब उमटते. काही जण पोलरायझर, म्हणजे परावर्तित चकाकी कमी करणारा फिल्टर, लावून ते घालवतात, पण माझ्या मते तो करंटेपणा आहे, कारण पाहणारा आणि पाहिले जाणारे तिथे एकाच जागी सापडतात.

रात्रीचे काम वेगळे असते. अनेक कॅमेऱ्यांमध्ये इन्फ्रारेड दिवे असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना अंधुक तांबडे दिसतात, ९४० नॅनोमीटरचे मुळीच दिसत नाहीत. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून मात्र ते बहुधा जांभळट चमकतात, कारण त्यावरील इन्फ्रारेड फिल्टर अनेकदा कमजोर असतो. ट्रायपॉडवर एक-दोन सेकंदांचे एक्स्पोजर दिल्यास दुचाक्यांच्या प्रकाशरेषा होतात आणि कॅमेरा तेवढा स्थिर राहतो.

काही ठिकाणी मात्र कॅमेरा पिशवीतच ठेवावा. नाशिकरोडची चलार्थ पत्र व प्रतिभूती मुद्रणालये (नोटा, मुद्रांक वगैरे छापणारे सरकारी छापखाने) आणि देवळालीचा लष्करी परिसर यांच्या आसपास हा उद्योग करू नये. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ या कायद्यात प्रतिबंधित जागांबाबत तरतुदी आहेत. रामकुंडावर स्नान करणाऱ्या किंवा कपडे बदलणाऱ्या स्त्रियांकडे लेन्स वळवणे असभ्य तर आहेच, शिवाय अशी छायाचित्रे घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकते. दुकानाच्या आतला कॅमेरा टिपायचा असेल तर मालकाला आधी विचारावे. रखवालदाराने हटकले तर वाद न घालता हेतू सांगावा आणि घेतलेले चित्र दाखवावे. प्रसिद्ध करण्यापूर्वी वाहनांचे क्रमांक झाकावेत, आणि खासगी घराचा कॅमेरा असल्यास चित्रातली स्थाननोंद काढून टाकावी.

प्रत्येक चित्रासोबत तारीख, चौक आणि आपण उभे राहिलो ती नेमकी जागा वहीत लिहावी. २०२७ च्या सिंहस्थानंतर त्याच कोपऱ्यावर, त्याच लेन्सने पुन्हा उभे राहायचे असेल, तर ही नोंदच कामी येईल.