प्लम-चेरीचं झाड लावताय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

प्लम-चेरी हायब्रिडचे फोटो बघितले की कोणालाही मोह होईल, चेरीपेक्षा मोठं, लालचुटुक आणि गोड फळ. पण ऑर्डर टाकायच्या आधी हे वाचा, कारण हे रोप स्वस्त नसतं आणि नुसते पैसेच नाही तर तुमची दोन-तीन वर्षंही त्यात जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे थंडीचा हिशोब न करणं. हे फळ कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोच्या झायगर कुटुंबाने प्लम आणि चेरीचा संकर करून काढलं, तिकडे त्याला प्लुएरी म्हणतात. त्यातल्या स्वीट ट्रीट जातीला हिवाळ्यात साधारण ४०० ते ५०० तास तरी ७ डिग्रीच्या आसपास किंवा त्याखालची थंडी लागते, तेव्हा कुठे कळ्या नीट फुटतात. आता आपलं बघा, मुंबईत सांताक्रूझला ७.४ डिग्री नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ ला, आणि तो नीचांक म्हणून अजून सांगितला जातो. घोडबंदर रोडला किंवा खारघरला पहाटे थोडं जास्त गार वाटतं हे खरं, पण ४०० तास कुठून आणणार?

मग होतं काय, झाड जगतं, पण फूल येत नाही, फुटवा फक्त शेंड्याला येतो आणि खालच्या फांद्या नागड्याच राहतात. इथे लोक दुसरी चूक करतात, खत कमी पडलं असं समजून डीएपी टाक, केळ्याच्या सालीचं पाणी घाल, एप्सम सॉल्ट घाल. खताने थंडीची भरपाई होत नाही हो! कुंडीत बर्फ टाकूनही काही होत नाही, थंडी कळ्यांना लागते, मुळांना नाही.

त्यात स्वीट ट्रीटला परागीभवनासाठी शेजारी जपानी प्लमचं झाड पण लागतं. आणि बाजारातून फळ आणून बी लावायचा विचार असेल तर तो सोडा, हायब्रिडच्या बीमधून तेच फळ येत नाही, कलमच लागतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. या जातीच्या झाडांना मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. जुलैमध्ये माती ओली असून पानं मान टाकतात आणि आपण तहान लागली समजून अजून पाणी ओततो, तिथे झाड जातं. आधी बोट घालून माती बघा, ओली असेल तर कुंडीचं भोक बुजलंय का ते तपासा, कुंडी विटांवर उचला, ताटली काढून टाका. खोडातून डिंक गळत असेल तर तेवढा भाग खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लावा.

आता नर्सरीत "चेरी" म्हणून रोप दिलं तर पान नीट बघा. खऱ्या प्लम-चेरीची पानं फांदीवर आळीपाळीने येतात आणि कडा बारीक दातेरी असते. पानं समोरासमोर जोडीने आणि कडा सरळ असेल तर ती बहुतेक बार्बाडोस चेरी नाहीतर सुरिनाम चेरी, पान चुरगळून उग्र वास आला तर सुरिनाम. माझं प्रामाणिक मत विचाराल तर आपल्याकडे बार्बाडोसच लावा. तिला थंडी लागत नाही, मोठ्या कुंडीत मस्त होते, गुलाबी फुलं येतात आणि साधारण महिन्याभरात फळ पिकतं, व्हिटॅमिन सी तर भरपूर.

फक्त गॅलरीच्या ग्रिलमध्ये सावलीत ठेवू नका, निदान पाच-सहा तास ऊन हवं, नाहीतर नुसती पानंच येतील. फुलं गळत असतील तर बहुतेक वेळा मार्च-एप्रिलमध्ये कुंडी मध्येच कोरडी पडलेली असते, त्या दिवसांत सकाळी पाणी चुकवू नका आणि वर वाळलेल्या पानांचं आच्छादन टाका. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर निंबोळी तेल संध्याकाळी फवारा. आणि फळ पूर्ण लाल झालं की त्याच दिवशी तोडून खा, ते फार लवकर खराब होतं.