फ्रेंच लेखिकांच्या पुस्तकांतले वडील कसे वाचावेत

नाशिकच्या आमच्या वाचनगटात फ्रेंच लेखिका वाचायला घेतल्या की पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारते, हे वडील चांगले की वाईट? हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा आणि घरात पैसा, शिक्षण व लग्न कुणाच्या शब्दाने ठरते, एवढेच वहीत टिपत जावे.

सोबत कायद्याची तारीखही पाहावी. फ्रान्समध्ये १८०४च्या नेपोलियनच्या नागरी कायद्याच्या संहितेने मुलांवरचा अधिकार पित्याच्या हाती दिला आणि तो आईवडील दोघांचा व्हायला ४ जून १९७० चा कायदा यावा लागला. फ्रान्स्वाज सागांची ‘बोंजूर त्रिस्तेस’ ही कादंबरी १९५४ची, म्हणजे त्या काळी सारा अधिकार तिच्यातल्या वडिलांकडे, रेमाँकडेच होता. तरीही तो सतरा वर्षांच्या लेकीला, सेसीलला मोकळे सोडतो आणि तिला अभ्यासाला बसवते ती त्याच्याशी लग्न ठरलेली आन. आपल्याकडे ज्याला घरचा कर्ता म्हणतात, ती जागा प्रत्यक्षात कोण चालवते हे म्हणूनच शोधावे. मार्गरीत द्युरासच्या ‘लामाँ’मध्ये (१९८४) वडील हयात नाहीत, पण थोरल्या भावाचा धाक घरभर आहे.

कोलेतच्या ‘सिदो’मधले (१९३०) वडिलांचे प्रकरण मात्र सावकाश, शक्य तर दोनदा वाचावे. युद्धात पाय गमावलेल्या या कॅप्टनच्या पश्चात कपाटात त्याने लिहिलेली म्हणून समजली जाणारी, पुठ्ठ्याच्या बांधणीची डझनभर पुस्तके सापडतात. उघडली तर शेकडो पाने कोरी, लिहिलेली आहे ती फक्त बायकोला केलेली अर्पणपत्रिका. तो कागद पुढे मुरंब्याच्या बरण्या झाकायला लागतो. वडिलांचा दरारा आणि त्यांचे अपुरेपण एकाच कपाटात ठेवणारे असे दृश्य मला दुसरीकडे मिळालेले नाही.

इंग्रजी अनुवाद वाचत असाल तर एक काळजी घ्यावी. फ्रेंचमध्ये आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत, इंग्रजीत ते पुसले जातात. आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणत वाढलेल्या आपल्या वाचकाला तो फरक फार काही सांगून जातो, म्हणून मूळ संवाद फ्रेंच येणाऱ्याकडून विचारून घ्यावेत.

शेवटी आनी एर्नोचे ‘ला प्लास’ (१९८३) घ्यावे. इथले वडील नॉर्मंडीतल्या इव्हतो गावी किराणा आणि कॅफे चालवतात आणि लेकीला सायकलवरून शाळेत पोहोचवतात. त्याच शिक्षणाने ती त्यांच्या भाषेपासून दूर जाते. ते सायकलचे वाक्य गटात मोठ्याने वाचावे आणि लगेच चर्चा सुरू करू नये.