रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना आयएनआर स्थिर कसा ठेवावा

एट्रियल फिब्रिलेशनमुळे (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) वॉरफेरिन किंवा एसेनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्या सुरू असलेल्यांसाठी हे लिहिते आहे. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा: तो चढला की रक्तस्रावाचा, उतरला की गुठळीचा धोका. ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर तपासावा लागत नाही, म्हणून "नवी मागून घ्या" असं सगळेच सुचवतात. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल, तर हा सल्ला ऐकू नका. ऱ्हुमॅटिक हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले.

गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्या. रिपोर्टवरून डोस बदलला तर तो त्याच दिवशी लागू करता येतो. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, नाहीतर सोडा. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि तारीख, आयएनआर, डोस वहीत लिहा. लक्ष्य बहुधा २ ते ३ असतं, काही कृत्रिम झडपांना जास्त. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता जेवण. आईच्या आयएनआरने मला सर्वात जास्त दमवलं ते इथेच. "पालेभाज्या बंद करा" हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की आता चीड येते. पालक, मेथी, शेपू, अळू यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण भाजी पूर्ण तोडली की शरीरातला साठा घटतो, आणि मग एखाद्या लग्नातल्या वाटीभर अळूच्या फतफत्यानेही आयएनआर खाली येऊ शकतो. आमच्याकडे आठवड्यातले दोन वार ठरलेत: त्या दिवशी एक वाटी शिजलेली पालेभाजी, ना कमी ना जास्त. डोस या जेवणाला जुळवून ठरवायचा असतो. डोससाठी ताट रिकामं करायचं नाही. आमटीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीची चिंता करू नका, वाटीभर हिरव्या चटणीची करा.

उपवास हा याचाच दुसरा भाग, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि भगर खाल्ली तर व्हिटॅमिन के जवळजवळ मिळत नाही, आयएनआर चढू शकतो. उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, मध्ये एकदा तपासा. जुलाब झाले किंवा अन्न जात नसेल तरीही तपासा.

औषधांबाबत मी अजिबात सवलत देत नाही. झडपेच्या रुग्णाची छाती पावसाळ्यात भरते आणि ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक सुरू होतं. दोन्हींनी आयएनआर वाढू शकतो. मेट्रोनिडाझोल आणि बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलने तर हमखास वाढतो. कोर्स सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत तपासणी करून घ्या. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, कमरेत इंजेक्शनही नको. दाताच्या डॉक्टरांनाही गोळीबद्दल सांगा, पण ती स्वतःहून थांबवू नका.

काळी शौच, लाल लघवी, न थांबणारं रक्त दिसलं, किंवा डोक्याला मार लागला (वरून काहीच दिसत नसलं तरी), तर थेट रुग्णालय गाठा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८ला फोन करा आणि वही सोबत घ्या. शेवटची गोळी कधी घेतली हे तिथे विचारतात.