दोन महायुद्धांमधल्या फ्रेंच नोटा जमवताय? या चुका टाळा

नव्या संग्राहकाची सगळ्यात मोठी गफलत होते ती टाचणीच्या भोकांपाशी. त्या काळी फ्रान्समधल्या बँकांत नोटा एकत्र टाचून ठेवायची पद्धत होती. त्यामुळे व्यवहारात न आलेली, करकरीत नोटसुद्धा टोचलेली मिळते. भोकं दिसली म्हणून चांगली नोट परत करू नका. उलट एकही भोक नसलेली नोट स्वस्तात समोर आली, तर जरा थांबा. भोकं बुजवून, नोट धुऊन, इस्त्री करून विकणारे आहेत. नोट आधी उजेडासमोर धरा, मग दिव्याखाली तिरपी करून पाहा. बुजवलेल्या जागी कागदाचा पोत वेगळा दिसतो. धुतलेली नोट बोटांना लुळी लागते, रंगही उतरलेले असतात. दोन भोकांची, न धुतलेली नोट मी अशा सजवलेल्या नोटेपेक्षा केव्हाही आधी घेईन.

दुसरी चूक म्हणजे चित्र पाहून नोट घेणं. बांक द फ्रान्स म्हणजे फ्रान्सची मध्यवर्ती बँक. तिच्या या नोटांवर दिवस, महिना, वर्ष छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय भाव ठरवूच नका. ल्युक-ऑलिव्हिए मेर्सों यांच्या चित्रांची १०० फ्रँकची रंगीत नोट १९०८ ते १९३९ अशी तीन दशकं छापली गेली. चित्र तेच, पण वर्षागणिक किंमत बदलते. ५ फ्रँकची जांभळी नोट १९१७ ते १९३३ पर्यंत निघाली, मग १९३९-४० मध्ये पुन्हा. या दुसऱ्या खेपेत सह्यांखालची पदनामं बदललेली आहेत. संग्राहक ती वेगळी आवृत्तीच धरतात.

फ्रेंच विक्रेत्याकडून मागवताना ‘टीबी’ (त्रे बो, म्हणजे ‘फार सुंदर’) दर्जा वाचून हुरळू नका. ती बरीच वापरलेली नोट असते. टीटीबी, सुप, एसपीएल हे त्याहून वरचे दर्जे.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. बांक द लॅंदोशिनने (इंडोचायना बँकेने) पुद्दुचेरीसाठी काढलेल्या रुपयांच्या नोटांवरही फ्रेंच मजकूर आहे. त्या सुंदर आहेत, जरूर जमवा, पण त्या फ्रेंच इंडियाच्या. फ्रँकच्या पानात लावू नका. चेंबर ऑफ कॉमर्सच्या, म्हणजे व्यापारी मंडळांच्या, ५० सांतीम (अर्धा फ्रँक), १ फ्रँकच्या चिठ्ठ्याही वेगळ्याच ठेवा. त्या बांक द फ्रान्सच्या नव्हेत, नाण्यांच्या टंचाईत स्थानिक चेंबरनी काढलेल्या.

आणि लॅमिनेशन कधीही नको, सेलोटेप तर नकोच. पीव्हीसीची पाकिटंही टाळा, पॉलिएस्टरची घ्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अल्बमच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ती वेळोवेळी बदला.