लिबकर्लने फाइल चढवताना तिचा आकार कसा सांगावा

रावेर-सावद्याकडून केळीची गाडी निघते तेव्हा आधी काटा होतो, बिल्टीवर वजन चढतं, मग गाडी दिल्लीची वाट धरते. लिबकर्ल म्हणजे सी भाषेतल्या प्रोग्रॅममधून नेटवर्कवर फाइली पाठवायची-आणायची लायब्ररी. तिच्यातून फाइल पाठवतानाही आधी वजन सांगायचं असतं. इथे वजन म्हणजे फाइलचे बाइट.

पहिलं काम फाइल उघडण्याचं. विंडोज असेल तर ‘आरबी’ म्हणजे बायनरी पद्धतीनेच उघडा. साध्या मजकूर पद्धतीत ओळींच्या शेवटची चिन्हं बदलतात, आणि मोजलेले बाइट व वाचलेले बाइट जुळत नाहीत.

मग उघडलेल्या फाइलवरच ‘एफस्टॅट’ हे फाइलची माहिती देणारं फंक्शन चालवून आकार घ्या. विंडोजवर त्याचा ६४ बिटचा प्रकार वापरा. फाइलमध्ये अजून लिहिणं चालू असेल तर थांबा. माल चढतोय तोवर काटा करत नाहीत.

आता हँडलवर, म्हणजे लिबकर्लच्या ज्या वस्तूत या पाठवणीच्या सगळ्या सूचना राहतात तिच्यावर, तीन गोष्टी बसवा: ‘कर्लऑप्ट_अपलोड’ला १, ‘कर्लऑप्ट_रीडडेटा’ला फाइलचा पॉइंटर आणि ‘कर्लऑप्ट_इनफाइलसाइझ_लार्ज’ला आकार. आकार देताना तो ‘कर्ल_ऑफ_टी’ या लिबकर्लच्या ६४ बिटच्या प्रकारात बदलून (कास्ट करून) द्यायला विसरू नका. विंडोजवर लिबकर्ल डीएलएल (प्रोग्रॅमपासून वेगळी राहणारी लायब्ररीची फाइल) म्हणून जोडलं असेल तर ‘कर्लऑप्ट_रीडफंक्शन’मध्ये आपलं स्वतःचं वाचणारं फंक्शनही द्या, नाहीतर प्रोग्रॅम कोसळू शकतो.

‘लार्ज’ नसलेलं ‘कर्लऑप्ट_इनफाइलसाइझ’ही आहे, पण ते ‘लाँग’ या प्रकारचा पूर्णांक घेतं. विंडोजवर ‘लाँग’ ३२ बिटचाच, अगदी ६४ बिटच्या मशीनवरसुद्धा. त्यात २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही. जळगावच्या एका शीतगृहातलं कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग रात्री सर्व्हरवर पाठवायचा प्रोग्रॅम मी लिहिला, तेव्हा हीच चूक केली. लहान फाइली बिनबोभाट जायच्या, ५ जीबीची अडायची. दोन रात्री मी लाइनला दोष देत बसलो. शेवटी आकडाच छापून पाहिला: ५३६८७०९१२० बाइटच्या फाइलचा आकार १०७३७४१८२४, म्हणजे फक्त १ जीबी, सांगितला जात होता! वरचे बिट गळून गेले होते. कंपायलरने सूचना दिलीही असेल, मी पाहिली नव्हती. तेव्हापासून फाइल केवढीही असो, मी ‘लार्ज’च लिहितो, आणि तुम्हीही लिहा.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. हा आकडा म्हणजे बिल्टी, गाडी नव्हे. किती बाइट खरोखर जातील याची जबाबदारी वाचणाऱ्या फंक्शनची. आकडा जास्त सांगितला आणि फाइल आधीच संपली, तर सर्व्हर उरलेल्या मालाची वाट पाहत बसतो किंवा लिबकर्ल चूक परत करतं. म्हणून प्रत्यक्ष पाठवणी करणाऱ्या ‘कर्ल_इझी_परफॉर्म’ने परत केलेला कोड दर वेळी तपासा. शून्य आला तरच काम झालं.

आकार आधी माहीतच नसेल तर? उणे १ द्या, नाहीतर हा पर्याय बसवूच नका. मुळात तो उणे १ च असतो. एचटीटीपी १.१ वर मग माल तुकड्यातुकड्यांनी जातो. प्रत्येक तुकड्यावर त्याचं वजन लिहिलेलं असतं, आणि शेवटी शून्य वजनाचा तुकडा आला की गाडी संपली. पण काही सर्व्हर अशी गाडी उतरवूनच घेत नाहीत. एससीपीला (एसएसएचवरून फाइल पाठवायची पद्धत) तर आकार आधीच लागतो, त्याशिवाय फाइल चढतच नाही.