ऑफिसच्या चालू नेटवर्कवर सरावाचं डोमेन: या चुका टाळा

अंधेरीच्या एमआयडीसीतलं वीस संगणकांचं ऑफिस असो की फोर्टमधलं सीएचं, सोमवारी सकाळी ‘सर्व्हर सापडत नाही’ अशी ओरड झाली की आधी एक गोष्ट विचारावी: शनिवारी दुपारी कुणी आपल्या डेस्कटॉपवर विंडोज सर्व्हर टाकून डोमेन (एका सर्व्हरवरून सगळे संगणक आणि लॉगिन सांभाळायची व्यवस्था) शिकायला बसलं होतं का? शिकण्याला हरकत काहीच नाही. ऑफिसची लेखी परवानगी आणि वेगळं नेटवर्क, एवढं मात्र सर्व्हर टाकण्याआधी हवं.

एक्स्टर्नल स्विच आणि डीएचसीपी

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. हायपर-व्ही म्हणजे एका संगणकात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची विंडोजची सोय. त्यात मशीन जोडणारे स्विच तीन प्रकारचे. प्रायव्हेटमध्ये फक्त व्हर्च्युअल मशीन एकमेकांशी बोलतात, इंटर्नलमध्ये त्यांच्यासोबत होस्ट, म्हणजे ज्यावर ती चालतात तो खरा संगणकही असतो आणि एक्स्टर्नल थेट खऱ्या नेटवर्क कार्डाला जोडला जातो. नवशिक्याला इंटरनेट लगेच हवं असतं म्हणून तो एक्स्टर्नल निवडतो. मग डोमेन चालवणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर (डीसी) उभा राहतो, क्लासच्या नोट्समध्ये आहे म्हणून संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीचा रोलही चढतो आणि १९२.१६८.१.१०० ते २०० असा स्कोप (वाटायच्या पत्त्यांचा पट्टा) सुरू होतो.

‘अधिकृत केल्याशिवाय विंडोजचा डीएचसीपी चालतच नाही’ हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही. अधिकृत करायचं असतं ते त्या सर्व्हरच्या स्वतःच्या डोमेनमध्ये, आणि सरावाच्या डोमेनचे प्रशासक तुम्हीच असता. ऑफिसच्या डोमेनला कुणी विचारतच नाही.

सोमवारी सकाळी संगणक सुरू होतात आणि पत्ता मागतात. ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा पत्ता साधारणपणे घेतला जातो, त्यामुळे काही यंत्रं ऑफिसच्या डीएचसीपीकडे जातात, काही सरावाच्या. दुसऱ्या गटाला डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून सरावाचा डीसी मिळतो आणि त्याला ऑफिसच्या डोमेनचा पत्ताच नसतो. लॉगिन मात्र होतं, कारण विंडोज मागच्या लॉगिनची माहिती जपून ठेवतं. गेटवे (बाहेर जायच्या राउटरचा पत्ता) बरोबर भरला असेल तर इंटरनेटही चालतं. म्हणून नेटवर्कवर संशय जात नाही. कुणाचा शेअर ड्राइव्ह उघडतो, कुणाचा नाही. पासवर्ड बदलता येत नाही. ग्रुप पॉलिसी, म्हणजे डोमेनने पाठवलेली सेटिंग, लागत नाही. तासभर राउटर बंद-चालू करण्यात जातो आणि त्याने काहीच फरक पडत नाही.

अशा वेळी बिघडलेल्या यंत्रावर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवून ‘डीएचसीपी सर्व्हर’ची ओळ वाचा. पत्ता अनोळखी असेल तर ‘एआरपी -ए’ने त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) काढा. सुरुवात ००-१५-५डी असेल तर हायपर-व्ही, ०८-००-२७ असेल तर व्हर्च्युअलबॉक्स, ००-०सी-२९ असेल तर व्हीएमवेअर. मॅनेज्ड स्विच असेल तर तो मॅक कुठल्या पोर्टवर आहे हे लगेच दिसतं. सरावाचं मशीन बंद केलं तरी काम संपत नाही. विंडोज डीएचसीपीची लीज (दिलेला पत्ता वापरायची मुदत) मुळात ८ दिवसांची असते, त्यामुळे चुकीचा डीएनएस यंत्रांत टिकून राहू शकतो. प्रत्येक बिघडलेल्या यंत्रावर आयपीकॉन्फिगचं ‘/रिलीज’, ‘/रिन्यू’ आणि ‘/फ्लशडीएनएस’ करावंच लागतं.

माझी सवय अशी: पहिला आठवडा प्रायव्हेट स्विच, इंटरनेट शून्य. लागणारे आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या फाइली) आधीच उतरवून ठेवायचे. पुढे इंटरनेट लागलंच तर इंटर्नल स्विच करायचा, होस्टच्या त्या कार्डाला १०.७७.०.१ द्यायचा, पॉवरशेलच्या (आज्ञा लिहून चालवायचं विंडोजचं साधन) न्यू-नेटनॅटने १०.७७.०.०/२४ ला नॅट (आतल्या मशीनना होस्टच्या पत्त्यावरून बाहेर नेणं) लावायचं आणि डीसीला १०.७७.०.१० हा कायमचा पत्ता द्यायचा. डीएचसीपीची हाक नॅट ओलांडून बाहेर जात नाही. पण सरावाच्या मशीनवरून ऑफिसच्या यंत्रांशी जोडणी सुरू करता येते, त्यामुळे स्कॅनिंगची साधनं या जोडणीवर चालवू नका. हायपर-व्हीचा तयार ‘डिफॉल्ट स्विच’ इथे घेऊ नका. होस्ट रीस्टार्ट झाल्यावर त्याची पत्त्यांची रेंज बदलू शकते आणि डीसीचा पत्ता लटकतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘ब्रिज्ड’ (तिथला एक्स्टर्नल) टाळून ‘इंटर्नल नेटवर्क’ घ्या. ‘होस्ट-ओन्ली’ घेतलंत तर त्याचा स्वतःचा डीएचसीपी आधी बंद करा.

खऱ्या यंत्रांवर शिकायचं असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून जुना डेस्कटॉप आणि साधा पाच पोर्टचा स्विच आणा, आणि त्या स्विचमधून ऑफिसच्या भिंतीकडे एकही केबल जाऊ देऊ नका.

डीसीला दोन कार्डं

एक सरावाचं, एक ऑफिसचं, म्हणजे दोन्ही साधलं असं वाटतं. डीसी मग आपले दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये नोंदवतो. क्लायंटला कधी हा मिळतो, कधी तो, आणि डोमेनला जोडणं एकदा जमतं, एकदा अडतं. शिवाय डीएचसीपी ऑफिसच्या कार्डावरही ऐकायला लागू शकतो, म्हणजे पुन्हा सोमवारची सकाळ. दुसरं कार्ड काढूनच टाका.

नाव

ऑफिसच्या डोमेनचंच नाव सरावाला देण्याचा मोह घातक आहे. दोन्ही नेटवर्क चुकून जोडली गेली तर नावांचा झगडा होतो. नाही जोडली तरी कंपनीची वेबसाइट सरावातून उघडत नाही, कारण डीएनएस तो पत्ता आपल्याकडेच शोधतो. ‘.लोकल’ही नको, ते टोक एमडीएनएस (सर्व्हरशिवाय जवळची यंत्रं नावाने शोधायची पद्धत) वापरते. ‘.टेस्ट’ हे टोक १९९९ पासून चाचणीसाठी राखून ठेवलेलं आहे, तेच घ्या. डोमेनचं छोटं, जुन्या पद्धतीचं नेटबायॉस नाव १५ अक्षरांच्या आत बसवा. नाव नंतर बदलता येतं असं सांगणाऱ्यांनी ते बहुधा स्वतः कधी बदललेलं नसतं. नव्याने उभं करणं सोपं.

खऱ्या डीसीची प्रत काढून तिच्यावर शिकणं तर कधीच करू नका. त्या डिस्कमध्ये अख्ख्या ऑफिसच्या पासवर्डांचे हॅश (पासवर्डवरून काढलेले सांकेतिक ठसे) असतात, आणि ती प्रत चालू नेटवर्कला लागली तर एकाच ओळखीचे दोन डीसी समोरासमोर येतात. डिस्कमध्ये हॅश राहतात, म्हणून सरावात ऑफिसचा पासवर्डही वापरू नये.

उरलेल्या चुका लहान, पण रोजच्या. क्लायंटच्या डीएनएसमध्ये फक्त डीसीचा पत्ता भरा. ‘दुसरा असावा’ म्हणून ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) टाकला की त्याच्याकडून ‘असं नाव नाही’ हे उत्तर येतं आणि विंडोज ते खरं मानतं. बाहेरचे पत्ते शोधायला डीसीवर फॉरवर्डर (विचारणा बाहेरच्या डीएनएसकडे पाठवणारी नोंद) लावा. डीसी आणि क्लायंटच्या घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस (डोमेनमधली ओळख तपासणारी पद्धत) नकार देतं. सर्व्हरची मूल्यमापन आवृत्ती १८० दिवस चालते, तारीख लिहून ठेवा.

क्लायंटचा जुना स्नॅपशॉट (मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची जपलेली प्रत) परत आणल्यावर ‘ट्रस्ट’, म्हणजे यंत्र आणि डोमेनमधला विश्वास, तुटल्याचा संदेश येतो. यंत्राचा डोमेनमधला पासवर्ड मुळात दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि स्नॅपशॉटमध्ये जुनाच असतो. घाईत डोमेनमधून काढून पुन्हा जोडण्यापेक्षा पॉवरशेलमधली टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही आज्ञा ‘-रिपेअर’ लावून चालवा. डीसी आणि क्लायंट यांचे स्नॅपशॉट मी नेहमी दोन्ही मशीन बंद करून, एकाच वेळी घेतो आणि परतही एकत्रच आणतो.