पोलिसांनी उचललेली गाडी सोडवायची कशी

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ माझी बाईक घेऊन बेळगावजवळच्या खानापूरकडं गेला, तिथं कुणाचीतरी हाणामारी झाली, ह्याचं त्यात नाव नाही गाव नाही, तरी गाडी गेली स्टेशनात. मी पंधरा दिवस चकरा मारल्या, रोज एकच कानडी उत्तर, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. चूक माझीच, विनवण्या करत बसलो, कागद एकही मागितला नाही.

तर आधी कागद. गाडी कुठल्या केसमध्ये घेतली तो क्राइम नंबर आणि पीएफ नंबर, म्हणजे जप्त मालाच्या फॉर्मचा नंबर, हे दोन लिहून घ्या. पंचनाम्याला आपल्याकडं महजर म्हणतात आणि तो कानडीत असतो. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणायचं, मगच सही. नवीन कायद्यात (बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 1 जुलै 2024 पासून) जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायला लागतं, कलम 105, आणि जप्ती केल्याचं मॅजिस्ट्रेटला लगेच कळवायला लागतं, कलम 106. कळवलं का एवढं नुसतं विचारलं तरी समोरच्याची बोलायची पद्धत बदलते, मी बघितलंय.

गाडी सोडायचा हुकूम शेवटी कोर्टच देतं, म्हणून त्या हद्दीतल्या जेएमएफसी, म्हणजे पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात अर्ज टाका. बीएनएसएसचं कलम 497 आणि 503, जुने वकील अजून जुन्या सीआरपीसीची 451, 457 च म्हणतात, तेच ते. अर्ज आरसीवर ज्याचं नाव त्यानंच करायचा. इथंच आपली बॉर्डरवाली माणसं अडकतात, गाडी चंदगडच्या मेव्हण्याच्या नावावर, पासिंग कोल्हापूरचं, एमएच 09, चालवतो बेळगावात, मग मेव्हण्यालाच रजा काढून यावं लागतं. आरसी, इन्शुरन्स, आधार जोडा. इन्शुरन्स संपलेला असला तर आधी ते बघा, त्यावरनं तारीख पडते.

कोर्ट बहुतेक बाँड आणि जामीनदार मागतं. जामीनदार इथलाच बघा, त्याचा आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, घेऊन या. अटी ठरलेल्या, गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची. सरकारी वकील हरकत घेतील, तेव्हा तुमच्या वकिलाला सुप्रीम कोर्टाचा 2002 चा सुंदरभाई अंबालाल देसाई निकाल दाखवायला सांगा, गाड्या स्टेशनच्या आवारात वर्षानुवर्षं सडवत ठेवू नका असं त्यात स्पष्ट म्हटलंय. अर्ज फेटाळला तर सेशन्स कोर्टात रिव्हिजन, म्हणजे हुकूम परत तपासायचा अर्ज, मुदत 90 दिवस. वकिलाची फी झेपत नसेल तर सरकारी मोफत कायदा मदतीच्या 15100 नंबरवर फोन करा, बायकांना आणि एससी एसटीवाल्यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

चोर्ला घाटातनं गोव्याची दारू आणताना गाडी गेली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एक्साईजच्या, म्हणजे अबकारी खात्याच्या, केसमध्ये गाडी कायमची सरकारजमा होऊ शकते आणि ती सुनावणी एक्साईजच्याच अधिकाऱ्यापुढं चालते, त्यामुळं वकिलाला पहिल्या दिवशीच खरं सांगा, लपवलात तर पैसे पण जातील गाडी पण जाईल.

आणि गाडी पोलिसांनी नाही तर भाऊबंदानं किंवा उधारीवाल्यानं दाबून ठेवली असेल तर दिवाणी दावा, स्पेसिफिक रिलीफ ॲक्टची कलमं 7 आणि 8. तीन वर्षांच्या आत टाका, नुसतं बैठकीत मिटवू म्हणत बसू नका.

ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी घेऊन स्टेशनात गेलात की पोचपावतीवर लगेच सही ठोकू नका. माझी गाडी चिंचेच्या झाडाखाली उभी होती, सीट उंदरानं कुरतडलेली, एक आरसा गायब, टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. फोटो काढले, आरसा नाही असं पावतीवर लिहायला लावलं, मग सही केली, आणि पंपापर्यंत ढकलत नेली.